सप्ताहानंतरचे ३५८ दिवस

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलं आहे: "आमच्या देवस्थान ट्रस्टनं युवक आणि कुटुंबांसाठी काम सुरू करायचं ठरवलंय आणि जबाबदारी माझ्यावर टाकलीय. दारू, मोबाईलवरचा जुगार, भरतीतून बाद झालेली पोरं, तिशी उलटूनही न जमलेली लग्नं, घराघरांतली भांडणं, सगळंच आहे. ट्रस्टकडे थोडी शिल्लक आहे. काहीजण म्हणतात सभागृह बांधा, काहीजण म्हणतात मोठं शिबिर घ्या. देवाच्या नावानं असं काम करावं का आणि सुरुवात कुठून करावी?"

भाऊ, काम जरूर करा, आणि देवाच्या नावानंच करा. पण सभागृह आत्ता नको आणि शिबिरही लगेच नको. एकदा पाया खणला की ट्रस्टच्या प्रत्येक बैठकीत सिमेंट, स्लॅब आणि देणगीदारांच्या पाट्या एवढंच बोलणं चालतं. पोरांचा विषय निघतच नाही. पोरांना अभ्यासिका हवी असेल तर शाळेची एखादी खोली संध्याकाळी मागून घ्या. मुख्याध्यापक बहुतेक ठिकाणी देतात.

मी वारकरी घरातली, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई. माण-खटाव आणि तुमच्याच खानापूर-आटपाडी भागात भजनी मंडळं आणि देवस्थानं यांच्याबरोबर कुटुंबांचं काम करत आले आहे. माझ्या मते तुमच्या हातात एकच मोठं भांडवल आहे, ते म्हणजे गावाचा देवळावरचा विश्वास. तो तुम्ही कमावलेला नाही, आधीच्या पिढ्यांनी तुमच्याकडे सोपवला आहे. नवरा मारतो हे बाई सांगलीच्या एखाद्या कार्यालयात जाऊन सांगणार नाही. काकड आरतीनंतर मंडळातल्या जुन्या मावशीला मात्र सांगेल. पोरगा समुपदेशकाकडे जाणार नाही, पण सप्ताहातल्या रात्रीच्या पहाऱ्यावर विणेकरी बाबांशी मोकळं बोलेल. हा विश्वास जपायचा, आणि जे आपल्याला जमत नाही ते जमणाऱ्याकडे वेळेवर पोचवायचं. नेतृत्व म्हणून तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे.

म्हणून पहिला नियम कीर्तनकारांसाठी. कुणाच्या घरची गोष्ट दृष्टान्त म्हणून कीर्तनात येता कामा नये, नाव गाळूनसुद्धा नाही. गावात नाव गाळलं तरी माणूस कळतो. सप्ताहाला बोलावलेल्या महाराजांना हे आधी बसून सांगा. दारुड्यांची नक्कल करून हशा मिळवणारं कीर्तन ऐकून कुणी दारू सोडत नाही, उलट त्याची बायको आणि मुलं दुसऱ्या दिवशी देवळात यायची बंद होतात.

आपल्या भागाला अशा कामाची परंपरा आहे, ती ठाऊक असू द्या. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना सांगायचे की कर्ज काढून सण करू नका, देवापुढं कोंबडं-बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला. कराडचं १९५४ सालचं कॉलेज त्यांच्या नावानं आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं, तिथं सगळ्या धर्मांची माणसं उपचाराला गेली. दक्षिण भारत जैन सभेनं १८९९ पासून शिक्षणाचं काम केलं आणि मुलांसाठी बोर्डिंगं चालवली. श्रद्धेनं माणसं जोडायची आणि मग पोटाचं, शिक्षणाचं, औषधाचं काम करायचं, ही रीत इथं जुनी आहे. त्यातून दुसरा नियम येतो: मदतीला अट नको. माळ घातली तरच, भजनाला आला तरच, आपल्या जातीचा असला तरच, असं एकदा झालं की ते काम देवाचं राहत नाही.

आता सुरुवात. पहिले काही महिने फक्त घरं समजून घ्या. त्यासाठी सर्व्हेचा फॉर्म छापू नका. महिला भजनी मंडळ, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शाळेतले शिक्षक यांच्याशी बोला. कुठल्या घरात चूल पेटत नाही, कुठली मुलगी दहावीनंतर घरात बसली, हे त्यांना आधीपासून माहीत असतं. तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. विटा-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात. बाप तमिळनाडूत, केरळात नाहीतर उत्तरेत दुकानावर, आणि पोरं इथं आजी-आजोबांजवळ. पाटण-जावळीकडं तेच चित्र माथाडी कुटुंबांचं, माणूस नवी मुंबईत आणि घर डोंगरात. अशी घरं वर्षातून थोडेच दिवस पूर्ण असतात: यात्रा, दिवाळी, लग्नसराई. बापाशी बसून बोलायचं तर त्याच दिवसांत. यात्रेत आपण पालखी, तमाशा आणि कुस्त्यांच्या फडात अडकतो आणि बाप परत निघून जातो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ घरोघरी जायला राखून ठेवा. उरलेलं वर्षभर त्या बापाला महिन्यातून एक फोन करा आणि मुलाबद्दल एखादी चांगली गोष्टही सांगा. गावाकडून फक्त तक्रारीचा फोन येतो असं झालं की तो फोन उचलायचंच टाळतो.

दारूबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथं श्रद्धेचा उपयोग सर्वांत मोठा आणि धोकाही सर्वांत मोठा. माळ घालून दारू सोडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. माळेमुळं माणसाला नवी ओळख मिळते, नवे सोबती मिळतात आणि "नको" म्हणायला कारण मिळतं. पण जो माणूस वर्षानुवर्षं रोज सकाळपासून पितो, त्यानं एकादशीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणं, घाम, झोप उडणं, फिट येणं, नसलेल्या गोष्टी दिसणं हे होऊ शकतं आणि जीवही जाऊ शकतो. घरचे म्हणतात अंगात आलं, बाहेरचं झालं, आणि अंगारा लावत बसतात. तो दारू तुटल्याचा आजार असतो आणि त्यावर दवाखान्यात औषध आहे. म्हणून रोज पिणाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्या, त्यांच्या सल्ल्यानं दारू बंद होऊ द्या, मग माळ घाला. दोन्हींत काही विरोध नाही.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र आहे. कुणी म्हणेल, ती तर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांची जागा. माळकरी माणसाला तिथं पाठवायला मला कधी संकोच वाटला नाही, तुम्हीही वाटू देऊ नका. त्याउलट "जेवणातून गुपचूप द्या, दारू सुटेल" असं सांगून पुड्या विकणाऱ्यांना गावात थारा देऊ नका. काही गोळ्यांवर दारू पोटात गेली की रक्तदाब एकदम कोसळतो. माणसाला न सांगता असं औषध देणं जिवाशी खेळ आहे.

उपचार घेऊन माणूस घरी आला की तुमच्या मंडळाचं खरं काम सुरू होतं. सगळ्यांत अवघड वेळ संध्याकाळी सहा ते दहा. हरिपाठ नेमका त्याच वेळी असतो, हा आपला फायदा. त्याला टाळ द्या, सतरंज्या अंथरायचं काम द्या, पंगतीत वाढायला लावा. सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवायची नसते, तेव्हा रात्रीचा एक पहारा त्याला द्या आणि शेजारी एक जाणता माणूस ठेवा. पण एवढ्यात त्याला व्यासपीठावर बोलावून सत्कार करू नका. पहिल्या वर्षात पुन्हा पिणं होतं, पुष्कळांचं होतं. सत्कार झालेला माणूस पुन्हा प्याला की लाजेनं गाव टाळतो. न बोलता पुन्हा टाळ हातात देता आला पाहिजे.

त्याच्या बायकोकडे वेगळं लक्ष द्या. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला पंचांपुढं समोरासमोर बसवू नका. तिथं ती खरं बोलूच शकत नाही, आणि बोलली तर रात्री त्याचा मार खाते. तिच्याशी एखाद्या बाईनं एकटीनं बोलावं, रात्री कुठं जाता येईल ते आधी ठरवून ठेवावं, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारींसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव तिच्याजवळ द्यावं. "संसार आहे, सांभाळून घे" हे वाक्य देवळाच्या पायरीवरून उच्चारलं की तिला ते देवाचंच सांगणं वाटतं. म्हणून ते वाक्य आपल्या मंडळात कुणी बोलू नये.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मी कुणाची गय करत नाही, तुम्हीही करू नका. पारायणाचा मुक्काम, संस्कार शिबिर, दिंडी, जिथं मुलं रात्री राहतात तिथं कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा असता कामा नये. नेहमी दोघं हवेत, आणि मुलींसोबत बायका हव्यात. पाहुण्या महाराजांच्या खोलीत मुलांना एकटं पाय चेपायला किंवा चहा द्यायला पाठवायचं नाही, मग महाराज कितीही मोठे असोत. चांगल्या महाराजांना या नियमाचं वाईट वाटत नाही. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि काही घडल्याचं कानावर आलं तर ते गावात मिटवायचं नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवणं हा गुन्हा, आणि मुलाचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे घेऊन किंवा लग्न लावून प्रकरण मिटवणाऱ्या पंचांना देवस्थानाचं नाव वापरू देऊ नका. देवस्थानाची बदनामी होईल म्हणून गप्प बसा, असं तुमचेच विश्वस्त सांगतील. त्या वेळी उभं राहण्यासाठीच तुम्हाला या जागेवर बसवलं आहे असं समजा.

याच धाग्यात बालविवाह. मुलीचं वय १८, मुलाचं २१. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. देवळाचा सभामंडप लग्नाला देताना दोघांचे शाळा सोडल्याचे किंवा जन्माचे दाखले मागायचे, एवढा एक ठराव केलात तरी पुष्कळ साधेल. २००६ च्या कायद्यात लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणाराही दोषी धरला जातो, हे भटजींना आणि विश्वस्तांना एकदा वाचून दाखवा.

लग्नं न जमण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात. तो आजचा नाही. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली ९०० पेक्षा कमी होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा, तरी २०१७ मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांच्याच वयाची मुलं आज तिशीत बसून आहेत. हे कीर्तनातून स्पष्ट बोललं पाहिजे, आणि बायकांकडे बोट न दाखवता. शिवाय ज्या मुली आहेत त्या शिकल्या, त्यांना शेतात राबणारं सासर नको आहे, यात त्यांची काही चूक नाही. त्या मुलांना मात्र आज एजंट गाठतात. लाख-दोन लाख घेतात, लांबून एखादी मुलगी आणतात, घाईत लग्न लावतात आणि आठवड्यात मुलगी दागिन्यांसह गायब. कधी ती मुलगी स्वतःच विकली गेलेली असते, तेही विसरू नका. मंडळानं एवढं पाहावं: मुलीच्या घरी जाऊन आल्याशिवाय, कागद पाहिल्याशिवाय आणि लग्नाची नोंदणी केल्याशिवाय कुणी पैसे मोजू नयेत. आणि लग्नं साधी करा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात याच गावांत कमी खर्चाची गांधी-लग्नं लागली होती. एखाद्या विश्वस्ताच्या घरचं लग्न तसं लागलं तर बाकीच्यांचा धीर चेपेल.

भरतीच्या पोरांचं दुखणं वेगळं आहे. साताऱ्याकडचं अपशिंगे सैनिकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, आपल्या सगळ्या भागात वर्दी हा घराचा मान असतो. २०२२ पासून सैन्यात जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त एक चतुर्थांशच पुढं कायम. पोलीस भरतीला गर्दी अफाट. पोरगं पहाटे पाचला पळतं, अकादमीची फी घरानं कर्ज काढून भरलेली असते, आणि वय उलटलं की ते एका दिवसात कुणाच्याच हिशोबात राहत नाही. मोबाईलवर पैसे लावणं बहुतेक इथून सुरू होतं. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली, पण ॲपवर काढलेलं कर्ज आणि ते वसूल करणाऱ्यांच्या धमक्या संपलेल्या नाहीत. अशा पोराला उपदेश नको. आकडा किती आहे ते एकदा कागदावर लिहून घ्या आणि घरात सांगताना त्याच्या शेजारी बसा. धमक्या येत असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० वर आणि पोलिसांत तक्रार करा. ट्रस्टच्या पैशातून त्याचं कर्ज फेडू नका.

आणि जगणं नको झालंय का, असं थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर पोरं रडतात, बोलतात, हलकी होतात. "हो" म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावून द्या आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. आपल्याकडं आणखी एक काम तातडीचं आहे. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या फवारणीची औषधं घरात, पलंगाखाली, मोरीत पडलेली असतात. ती शेतातल्या कुलूपबंद पेटीत ठेवायला लावा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. रागाच्या त्या अर्ध्या तासात हाताशी विष नसणं, एवढ्यानं जीव वाचतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. ट्रस्टच्या घटनेत सामाजिक कामाचा उद्देश आहे का ते आधी वाचा, नसेल तर धर्मादाय कार्यालयातली कामं पाहणाऱ्या वकिलाला विचारा. क्यूआर कोड तुमच्या नावाचा नको, ट्रस्टच्या खात्याचाच हवा. प्रत्येक रुपयाला पावती. निवडणुकीत उभा राहणाऱ्याचा फोटो बॅनरवर नको, त्यानं मंडप दिला तरीही. शिल्लक पहिल्यांदा प्रवासावर खर्च करा: रुग्णाला साताऱ्याला किंवा सांगलीला न्यायला, विधवा आईला महिला व बालविकास कार्यालयात घेऊन जायला. एक पालक गेलेल्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. कितीतरी घरांना ती माहीतच नाही, आणि माहीत असली तरी कागदांसाठी चकरा मारायला बसचे पैसे नसतात.

देवळात जे येत नाहीत त्यांच्याकडं तुम्हीच जायचं. बौद्ध वस्तीतला मुलगा सभामंडपातल्या कार्यक्रमाला येईल असं गृहीत धरू नका. बैठक कधी समाजमंदिरात, कधी शाळेत घ्या. दर्ग्याच्या पंचांना बोलवा. कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे, तेव्हा हे नवं काही नाही. पंगतीत कोण कुठं बसतं याकडं पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा.

शेवटी तुमच्याबद्दल. हे एकट्यानं करू नका. तुमच्या बरोबरीनं एक बाई हवी, नावाला नव्हे, सहीचा आणि निर्णयाचा अधिकार असलेली. महिला भजनी मंडळात अशी कुणी नक्की आहे. वयानं तुमच्यापेक्षा मोठी, गावात कुणाला न भिणारी. तिला "अक्का, हे तुम्ही सांभाळा" असं ट्रस्टच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, इतिवृत्तात लिहून घेऊन म्हणा. दोघांनी महिन्यातून एकदा एखाद्या जाणकार समुपदेशकाकडे जाऊन महिन्याभराचं मनातलं बोलून या, नाहीतर लोकांची दुःखं ऐकून तुमची स्वतःची झोप जाईल. विट्यात किंवा सांगलीत अशी व्यक्ती शोधायला मी मदत करीन. त्याआधी आशाताई, सेविका आणि भजनी मंडळ यांच्याशी बोलून झालं की काय कळलं ते मला कळवा, कुणाचीही नावं न लिहिता.